शिक्षक संघटनेत आलेल्या तरुण गणितज्ञास

पीएचडीनंतर तू गणित शिक्षकांच्या संघटनेत आलास, फार बरं वाटलं. पण लगेच व्याख्यान देऊ नकोस. आधी सातवीला शिकवणाऱ्या बाईंना नेमकं कुठे अडतं ते ऐक. ऋण गुणिले ऋण धन का, असं मुलं विचारतात. तिथे वलयाचे (‘रिंग’ या अमूर्त बीजगणितातल्या रचनेचे) नियम सांगू नकोस. (−२) ला ३, २, १, ० ने गुणत खाली ये. उत्तर दर वेळी दोनाने वाढतं, मग −१ ला काय येणार हे मुलंच सांगतात. अशी मांडणी शोधणं हेही गणितच, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. थोर गणितज्ञ जी. एच. हार्डीसुद्धा इंग्लंडच्या मॅथेमॅटिकल असोसिएशन या गणित शिक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. १९२५ च्या अध्यक्षीय भाषणात ते ‘भूमिती म्हणजे काय’ यावर बोलले. आपल्याकडे १९६५ पासून चेन्नईची एएमटीआय ही गणित शिक्षकांची संघटना आहे. तिच्या स्पर्धांचे जुने प्रश्न सोडव, मग स्वतः रचून शिक्षकांना दाखव.