दुसऱ्या इमारतीतला स्विच लांबून सांभाळायचा आहे, आयपी कसा ठरवू?

तुम्ही विचारलंय की स्विचला, म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं केबलने जोडणाऱ्या डब्याला, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कुठला द्यायचा आणि प्रत्येक पोर्टला वेगळा लागतो का. पोर्टला लागत नाही. साधा (लेयर २) स्विच मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, बघून काम करतो, आयपी नसला तरी त्याचं काही अडत नाही. आयपी लागतो तो तुम्हाला लॉगिन करता यावं म्हणून. अख्ख्या स्विचला एक पुरतो आणि तो व्हीलॅन इंटरफेसवर द्यायचा. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं वेगळं आभासी नेटवर्क.

त्यासाठी व्हीलॅन १ वापरू नका. सगळे पोर्ट मुळात त्यातच असतात, म्हणजे कुणीही लॅपटॉप जोडला की थेट लॉगिनपर्यंत पोचतो. मी व्हीलॅन ९९ वेगळा काढतो. समजा १०.२०.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.०, राउटर १०.२०.९९.१ वर, पहिल्या इमारतीतले स्विच .११ पासून, दुसरीतले .२१ पासून. पत्ता बघूनच स्विच कुठला ते कळतं. पत्ते स्टॅटिक (हाताने दिलेले, कायमचे) ठेवा, डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या, रेंजबाहेर. १९२.१६८.१.० शक्यतो नकोच, कारण बऱ्याच घरगुती राउटरवर तीच रेंज असते आणि घरून व्हीपीएनने आलात की गोंधळ होतो.

आता खरी गोम गेटवेची, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे पॅकेट पुढे पाठवणाऱ्या राउटरच्या पत्त्याची. शेजारच्या स्विचवरून पिंग (उत्तर येतं का ते बघायची चाचणी) लागतो, तुमच्या टेबलावरून लागत नाही, अशी तक्रार आली की मी आधी गेटवे तपासतो. तुमचं पॅकेट स्विचपर्यंत पोचलेलं असतं, पण दुसऱ्या सबनेटला (पत्त्यांच्या वेगळ्या गटाला) उत्तर कुणामार्फत पाठवायचं हे त्याला माहीत नसतं. सिस्कोच्या स्विचवर राउटिंग चालू असेल तर डिफॉल्ट-गेटवेची कमांड लागू होत नाही, तिथे डिफॉल्ट रूट लिहावा लागतो. आणि ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या स्विचमधल्या जोडणीवर, व्हीलॅन ९९ ला परवानगी आहे ना, तेही बघा. त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल तर इंटरफेस डाउनच राहतो.

पुढे कधी लांबूनच आयपी बदलायची वेळ आली, तर जुन्या पत्त्यावरचं सेशन तिथेच तुटणार हे धरून चाला. सिस्कोवर आधी ‘रीलोड इन १०’ द्या, मग बदल करा, पण सेव्ह करू नका. नव्या पत्त्यावर लॉगिन झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ करून सेव्ह करा. नाही झालं तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येतो आणि कन्सोल केबल घेऊन धावायची वेळ येत नाही.

टेलनेट (लांबून लॉगिन करायची जुनी पद्धत) बंद करा, त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएसएच (तेच, पण एन्क्रिप्ट केलेलं) ठेवा आणि ॲक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, फक्त तुमच्या मशीनचे पत्ते घाला.