संकेतस्थळ करून देणे आणि सांभाळणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण एका अनुदानित शाळेत लिपिक आहात, हौस म्हणून चार-पाच वर्षे स्वतःची दोन संकेतस्थळे चालवता आणि आता ओळखीचे लोक ‘आम्हालाही एक करून द्या’ म्हणू लागले आहेत. तेव्हा हा जोडधंदा करावा का, पैसे किती सांगावेत, आणि पहिलेच गिऱ्हाईक आत्येभाऊ असेल तर काय करावे? मी सांगलीत राहून बारा वर्षे हेच काम करतो, आधी नोकरी सांभाळून आणि आता पूर्णवेळ, म्हणून अनुभवापुरते लिहितो.

करावा, असे माझे मत आहे. मात्र यात पैसा नेमका कुठे आहे, याचा अंदाज सुरुवातीला बहुतेकांचा चुकतो; माझाही चुकला होता. संकेतस्थळ उभे करण्याचे काम तीन-चार आठवड्यांत संपते आणि त्याचा मोबदला एकदाच मिळतो. ते पुढे वर्षानुवर्षे चालते ठेवण्याचे काम कोणी आपणहून मागत नाही, परंतु माझे घर आज त्याच कामावर चालते. साठेक गिऱ्हाइके वर्षाला प्रत्येकी ८ हजार रुपये देखभालीचे देतात. नवे काम एखाद्या महिन्यात आले नाही तरी झोप उडत नाही.

आपली दोन संकेतस्थळे धंद्याच्या गडबडीत बंद करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. माझी पहिली पाने २००४ मध्ये जिओसिटीजवर होती. फुकट जागा मिळत होती म्हणून कोणी फार विचार केला नाही, आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती सेवा बंद झाली तेव्हा माझी निम्मी पाने कायमची गेली. त्यानंतर मी स्वतःच्या पैशाने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदलेला पत्ता, घेतले आणि त्यावर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी रोज नोंदवू लागलो. हा पूल १९२९ चा आहे आणि सांगलीकराला त्याच्यावरचे आकडे घरच्या घड्याळासारखे वाचता येतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. एरवी त्या पानावर दिवसाला शे-सव्वाशे माणसे येत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दुसऱ्या रात्री पुण्या-मुंबईत राहणारे सांगलीकर दर पाच मिनिटांनी ते पान उघडू लागले आणि माझे स्वस्तातले शेअर्ड होस्टिंग, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेली सर्व्हरवरची जागा, कोलमडले. होस्टिंगवाल्यांनी ‘ताण जास्त’ असे कळवून खातेच थांबवले. पान वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या तयार प्रणालीवर होते, म्हणजे प्रत्येक येणाऱ्यासाठी सर्व्हर डेटाबेसला विचारून तेच पान पुन्हा नव्याने रांधत होता. वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी तासाभराची. मी सगळे बाजूला सारून हाताने एक साधी एचटीएमएल फाइल लिहिली: वेळ, फूट, इंच, बस्स, चित्र नाही की मेनू नाही. खाते परत सुरू करून घेतले आणि ती दहा केबीसुद्धा न भरणारी फाइल तिथे ठेवली. तिने नंतरचे सगळे दिवस निमूट काढले. जे क्षणाक्षणाला बदलत नाही ते प्रत्येक पाहुण्यासाठी चुलीवर चढवायचे नसते, हे मला तोवर वाचून माहीत होते. त्या रात्री ते कळले. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या प्रत्येक वर्डप्रेसवर कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून तेच सर्वांना देण्याची सोय, पहिल्या दिवशीच बसवतो.

त्याच पानाने मला गिऱ्हाइकेही दिली. पूर ओसरल्यावर मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी घरी आले आणि ‘ती पाण्याची साइट तुमचीच ना?’ एवढे विचारून त्यांनी काम दिले. मी केलेल्या कामांची यादी त्यांनी पाहिलीच नव्हती. आपल्या दोन संकेतस्थळांपैकी जे लोकांच्या खरोखर उपयोगी पडते त्याच्या तळाशी आपले नाव आणि संपर्क ठेवा. दुसऱ्यावर मोडतोड करा: नवे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची जादा सोय), नवी थीम (तयार रूप), नवी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालते ती) आवृत्ती आधी स्वतःच्या घरात वापरावी, मग लोकांच्या.

आता पैशांबद्दल. माझ्या पहिल्या कामाचे मी ४ हजार रुपये घेतले आणि त्यात पाच आठवडे घालवले. चूक ४ हजारांत नव्हती, पानांच्या संख्येवर दर सांगण्यात होती. काम पानांमुळे लांबत नाही; मजकूर कोण लिहिणार, छायाचित्रे कोण देणार आणि ‘हे चालेल’ असे घरातल्या कोणी म्हणायचे, हे ठरलेले नसल्यामुळे लांबते. आज पाच-सहा पानांच्या साध्या कामाचे मी १८ ते २५ हजार सांगतो, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वेगळा. ४० टक्के आगाऊ, ४० टक्के नमुना पाहून मान्य केल्यावर, उरलेले २० टक्के संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्याच्या आधी. कोटेशनमध्ये एक ओळ न विसरता घालतो, की मजकूर न आल्यामुळे काम ६० दिवसांहून अधिक थांबल्यास दुसरा हप्ता देय होईल. ही ओळ वाचून एका गिऱ्हाइकाने मला कंजूष ठरवले होते. त्यांचा मजकूर अकराव्या महिन्यात आला.

मजकुराचेच आणखी सांगितले पाहिजे, कारण मराठी संकेतस्थळ करणाऱ्याचा अर्धा वेळ इथे जातो. एका तालुक्याच्या ग्रंथालयाने मला शतकमहोत्सवी स्मरणिकेची फाइल दिली आणि ‘यातलेच सगळे टाका’ म्हणाले. ती छापखान्यात श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) जुळवलेली होती. असा मजकूर उचलून वेबपानावर चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या जुन्या टंकांत देवनागरीची वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यातून बाहेर पडलेले रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतात आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतला ऱ्य हमखास बिघडतो. त्या ऐंशी पानांचे मुद्रितशोधन मला फुकट करावे लागले, कारण कोटेशनमध्ये मी त्याचा उल्लेख केला नव्हता. आता रूपांतराचा आणि मुद्रितशोधनाचा दर पानामागे वेगळा असतो.

दुसरी गोष्ट टंकांची. बहुतेक तयार थीम इंग्रजीसाठी बेतलेल्या असतात. त्यांत शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेले असते. ते देवनागरीला लागू झाले की शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाचे ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींना भिडतात. दोन्ही बदल स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पान कसे दिसावे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, दोन ओळींत होतात, परंतु ते कोणी करत नाही. पानाची भाषा हिंदी न ठेवता मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या टंकांत सोय आहे त्यांत मराठी वळणाचे ल आणि श उमटतील. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली तेव्हाही या दोन अक्षरांचा प्रश्न होताच. ‘मुक्त’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मात्यांचा टंक मोफत आहे आणि छोट्या पडद्यावर नीट वाचता येतो. मी सुरुवात त्यानेच करतो. गिऱ्हाईक यातले काही मागणार नाही, पण ‘तुमची साइट वाचायला बरी वाटते’ एवढे मात्र म्हणेल.

डोमेनच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली चूक मोकळेपणाने सांगतो. देवगडच्या एका आंबा बागायतदाराचे .कॉम डोमेन मी त्यांच्याच नावावर, त्यांच्याच कार्डावर घेऊन दिले होते, आणि तेवढे बरोबर होते. संपर्काचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा दिला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून कार्डावरून आपोआप पैसे वळते होण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि पुढच्या नूतनीकरणाचे पैसे गेलेच नाहीत. मुदत संपण्याआधीच्या सूचना ज्या पेटीत येत होत्या ती त्यांच्याकडे कोणी उघडत नव्हते, आणि मुदत संपल्यावर डोमेनबरोबर ती पेटीही बंद पडली. म्हणजे घराला कुलूप लागल्याची चिठ्ठी घराच्या आतच पडत होती. ऐन मे महिन्यात, आंब्याच्या पेट्यांच्या मागण्या येत असताना, संकेतस्थळ दोन दिवस बंद होते. सवलतीची मुदत अजून चालू होती म्हणून नेहमीच्याच शुल्कात सुटलो; ती उलटली असती तर पुढच्या ३० दिवसांत जबर शुल्क भरून सोडवावे लागले असते, आणि तेही हुकले असते तर आणखी ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता आले असते. मी त्यांच्याकडून त्या वर्षीची देखभाल घेतली नाही. आता सर्व गिऱ्हाइकांच्या मुदती माझ्या एका वहीत, होय, कागदी वहीत, महिनावार लिहिलेल्या आहेत आणि संपर्कासाठी वेगळा ईमेल असतो.

डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. तसे कृपया करू नका. ज्याला जायचे आहे त्याला हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक आणि पूर्ण बॅकअप हातात द्यावा. माझ्याकडून असे गेलेल्यांपैकी तिघे परत आले. मात्र मालकीचे लेखी ठरवून घ्या. आपल्याकडच्या स्वामित्व हक्काच्या कायद्यानुसार बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड लेखी हस्तांतर नसेल तर सामान्यतः लिहिणाऱ्याचाच राहतो, आणि पैसे देणाऱ्याला वाटत असते की सगळेच आपले झाले. डोमेन व मजकूर त्यांचा, त्यांच्यासाठी लिहिलेला कोड पूर्ण पैसे मिळाल्यावर त्यांचा, आणि वर्डप्रेस मुळातच मुक्त परवान्याचे असल्याने त्यावर कोणाचा एकट्याचा दावा नाही, अशा तीन वाक्यांत हे बसते.

देखभाल म्हणजे काय करता, असे गिऱ्हाईक विचारतेच. दर आठवड्याला अद्ययावतीकरण, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी, आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहणे; न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. एका दवाखान्याने दोन वर्षे देखभाल घेतली नव्हती. एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला, की गूगलवर आमचे नाव शोधले तर खाली जपानी अक्षरे दिसतात. जुन्या प्लगइनच्या भोकातून कोणीतरी शिरून नकली मालाच्या विक्रीची हजारो पाने भरली होती. साफसफाईचे मी घेतलेले पैसे तीन वर्षांच्या देखभालीइतके झाले. संकेतस्थळाशी जोडणी सुरक्षित ठेवणारे सुरक्षा प्रमाणपत्र मात्र विकत घ्यायला लावू नका; लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे मोफत मिळते. त्याची मुदत थोडीच असते, म्हणून आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, एवढे पाहावे लागते.

कागदपत्रांचे फार भय बाळगू नये. नोकरी असल्याने प्रथम सेवाशर्ती पाहा आणि संस्थेची लेखी परवानगी घ्या. हे टाळून चालणार नाही. कामावर मोजकीच माणसे असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टखाली, ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो, ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या संस्था बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात. तो विवरणपत्रात आपल्या करात वळता करून घेता येतो, त्यामुळे बिल आणि बँकेची नोंद जपून ठेवा आणि पहिल्या वर्षीच एखाद्या सी.ए.ला गाठा.

राहिले आत्येभाऊ. त्यांचे काम घ्या, कारण पहिल्या कामात होणाऱ्या चुका नात्यात पोटात घातल्या जातात. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे त्यांच्याच कार्डावरून भरायला लावा. आपली मजुरी सोडायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून तिच्याखाली सवलत दाखवा, म्हणजे ते ज्याला आपले नाव सुचवतील त्यालाही खरा दर कळेल. आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या देखभालीचा आकडा पहिल्याच दिवशी सांगून टाका. तो नंतर सांगायचा ठरवलात, तर एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून ते ‘अरे, साइट दोन दिवस उघडत नाहीये’ म्हणतील, आणि वाढपी जिलबी घेऊन उभा असताना पैशाचा विषय आपल्याला काढता येणार नाही.