बाई रजेवर, लायब्ररी चालू

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावीची साडेसहाशे मुलं आणि पुस्तकं चार हजारांच्या वर. पुढच्या महिन्यात आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्यामुळे तीन आठवडे रजा घेतेय. माझे तास ज्या शिक्षकांचा तास रिकामा असेल त्यांना प्रॉक्सी म्हणून लागतील. मागच्या वर्षी दहा दिवस रजेवर होते तेव्हा नऊ पानांच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या कोणी उघडूनही बघितल्या नाहीत. परत आले तर पुस्तकं कुठलीही कुठं, देवघेव रजिस्टर कोरं, अकरा पुस्तकं गायब, आणि दोन वर्गांना तर तासाला लायब्ररीत आणलंच नव्हतं. यावेळी काय तयारी करून जाऊ?

उत्तर : ताई, आधी आईंचं ऑपरेशन नीट पार पडू दे.

नऊ पानं कोणी वाचली नाहीत याचं मनाला लावून घेऊ नका. प्रॉक्सीवर येणाऱ्या शिक्षकाला घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी कळतं की आज चौथा तास सातवी ब, लायब्ररीत. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असतो, समोर पन्नास पोरं उभी असतात, अशा वेळी नऊ पानं कोण वाचणार हो. त्यामुळे यावेळी एकच पान लिहायचं, तेही एका बाजूला, मोठ्या अक्षरात, आणि ते फाइलमध्ये न ठेवता टेबलाच्या काचेखाली ठेवायचं. बाकी सगळी तयारी तुम्ही जायच्या आधी मुलांकडून आणि खोलीकडून करून घ्यायची. म्हणजे खोली अशी लावून जायची की येणाऱ्या शिक्षकाला लायब्ररीतलं काही आलं नाही तरी चालेल, त्यांनी फक्त मुलांबरोबर असावं.

त्या पानावर पहिलं वाक्य हे लिहा : परत आलेली पुस्तकं शेल्फवर लावू नका, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा. हे मी स्वतःच्या अनुभवातून सांगतेय. माझ्या एका रजेत माझ्या जागी आलेल्या सरांनी अगदी मनापासून, दोन तास उभं राहून सगळी कथा-कादंबऱ्यांची रॅक उंचीप्रमाणे लावून ठेवली होती, दिसायला इतकं सुंदर दिसत होतं की मला काय बोलावं कळेना. ते परत वर्गांकानुसार, म्हणजे पुस्तकावरच्या विषयाच्या आकड्यानुसार, लावायला मला चार दिवस लागले. चूक माझी होती, मी सांगितलंच नव्हतं. पुस्तक टेबलावर पडून राहिलं तर फक्त धूळ बसते पण चुकीच्या कप्प्यात गेलं की ते हरवल्यातच जमा, रजिस्टरला आहे, रॅकवर आहे, आणि कोणालाच सापडत नाही. तीन आठवड्यांत त्या टेबलावर दोन-तीनशे पुस्तकं साठतील. साठू द्या, परत आल्यावर एका शनिवारी मुलांना घेऊन लावून होतील.

मुलं तासात पुस्तकं काढून बघतात त्यासाठी पुठ्ठ्याच्या फूटभर लांब पट्ट्या कापून ठेवा, वही-पुस्तकांच्या जुन्या कव्हरांच्या सुद्धा चालतात, प्रत्येक पट्टीवर रोल नंबर. पुस्तक काढलं की त्या जागी आपली पट्टी खोचायची, बघून झालं की तिथेच परत ठेवायचं. हे पाचवीची मुलं एका तासात शिकतात, मात्र तुम्ही असताना दोन आठवडे आधीपासून सवय लावा, बदली शिक्षकांवर सोडू नका.

आता देवघेव. ती बंद करू नका, तीन आठवडे म्हणजे मुलाची तीन पुस्तकं बुडाली. प्रत्येक वर्गातून दोन मुलं निवडा, हुशार म्हणून नावाजलेलीच घ्यायला पाहिजेत असं काही नाही, अक्षर सुवाच्य आणि हजेरी चांगली एवढं बघा. तुमच्याकडे अजून बुककार्ड आणि पॉकेटची पद्धत (पुस्तकाच्या आतल्या खिशात त्याचं कार्ड) असेल तर काम सोपं आहे, कार्ड काढायचं, तारीख आणि रोल नंबर टाकायचा आणि वर्गाच्या नावाच्या डब्यात टाकायचं, लावत बसायचं नाही, ते तुम्ही आल्यावर कराल. कार्ड नसतील तर वर्गवार एक दोनशेपानी वही : तारीख, रोल नंबर, दाखल क्रमांक (पुस्तक लायब्ररीत दाखल करताना त्यावर टाकलेला नंबर), परत केल्याची खूण. पुस्तकाचं नाव लिहायला लावू नका, एकच नाव पाच मुलं पाच तऱ्हेनं लिहितात, दाखल क्रमांक मात्र एकच असतो. कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर असलं तरी या काळात वहीच ठेवा, नोंदी नंतर भरता येतात आणि पासवर्ड कुणाला द्यायचा हा प्रश्नच येत नाही.

सगळी कपाटं उघडी ठेवायचीही गरज नाही. संदर्भग्रंथ, महागडी आणि जुनी पुस्तकं कुलपात राहू देत, किल्ली मुख्याध्यापकांकडे. प्रत्येक इयत्तेसाठी साठ-सत्तर पुस्तकं आधीच निवडून वेगळ्या रॅकवर किंवा पेटीत काढा आणि त्यांची दाखल क्रमांकांची यादी करून एक प्रत स्वतःजवळ ठेवा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम तुम्हाला माहीत असेलच, १०० पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही काळानं पेट्यांची अदलाबदल होते. हेच शाळेत लहान प्रमाणात करा. एखाद्या शिक्षकाला वर्ग लायब्ररीत आणणं जमलंच नाही तर पेटी वर्गात जाईल, मागच्या वर्षीसारखे तास कोरडे जाणार नाहीत.

तासात करायचं काय हेही त्याच पानावर, पण फार नको. पाचवी ते सातवीसाठी मोठ्यानं वाचायच्या गोष्टी काढून ठेवा, दहा-बारा मिनिटांत संपणाऱ्या, खूण घालून. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे अंक यासाठी फार कामाचे, बालभारती ते १९७१ पासून काढतेय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत, त्यामुळे दहा-पंधरा गोष्टी प्रिंट काढून स्पायरल करून ठेवल्या तरी चालेल. गोष्ट निवडताना आधी स्वतः घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात वेगळेच शिक्षक आले की तिथेच मरते.

आठवी-नववीला गोष्ट ऐकायला लाज वाटते निदान तसं ती दाखवतात, त्यांना शोधायचं काम द्या. लायब्ररीत मराठी विश्वकोश असेल, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला, २० खंडांचा (आपल्याकडच्या शाळांत सगळे खंड असतीलच असं नाही, पण जेवढे आहेत तेवढे), त्याचे चार-पाच खंड या तासांपुरते बाहेर काढा आणि तुम्ही आधीच बनवलेल्या चिठ्ठ्या वाटा. ज्या नोंदी त्या खंडांत आहेत हे तुम्ही बघितलंय त्यांच्यावरचेच प्रश्न घ्या. अनुस्वाराचा शब्द आधी की नंतर, जोडाक्षर कुठे, यावरून मुलं जी भांडतात त्यात त्यांना अकारविल्हे लावणी जितकी कळते तितकी मी फळ्यावर शिकवून कधीच कळली नाही. दहावीला वाचू द्या शांतपणे, एवढंच.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एका वेगळ्या पानावर, तेवढं एक जास्तीचं चालेल, पाच-सहा मुलांविषयी एकेक ओळ लिहा. कुणाला मोठ्यानं वाचायला उभं करू नये कारण अडखळतो आणि वर्ग हसतो, कुणाला चष्मा लागलाय पण घालत नाही म्हणून पुढे बसवा, कुणाचं घरी काही बिघडलंय आणि ती नुसतं पुस्तक उघडून बसली तरी बसू द्या. हे पान काचेखाली ठेवू नका, ज्या दोन-तीन शिक्षकांना तास लागायची शक्यता जास्त आहे त्यांच्या हातात द्या आणि तोंडी सांगा. शिवाय तुमच्याकडे मधल्या सुट्टीत रोज येणारी ती चार-पाच मुलं असतीलच, प्रत्येक शाळेत असतात, मैदानावर ज्यांना कोणी खेळायला घेत नाही आणि जी डबा पटकन संपवून लायब्ररीच्या दाराशी उभी राहतात. तास बुडाला तर ओरड होते, मधल्या सुट्टीत दार बंद राहिलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि त्या मुलांना तीन आठवडे जायला जागा उरत नाही. कुणातरी एका शिक्षकाला किंवा शिपाईमामांना विनंती करून ती वीस मिनिटं दार उघडं राहील एवढं बघाच. मुलांना आधी सांगूनही ठेवा की मी अमुक तारखेपर्यंत नाही, अमुक तारखेला येतेय.

अकरा पुस्तकांबद्दल. मोजणीत कमी भरलं की ग्रंथपालाच्या पगारातून जाईल या धास्तीनंच निम्म्या लायबऱ्या कुलपात राहतात. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये नियम २१५ आहे, त्यात वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरलंय, अर्थात बेइमानी किंवा निष्काळजीपणा नसेल तर, आणि १००० रुपयांहून जास्त किमतीचं किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी व्हायलाच हवी असंही म्हटलंय. तो नियम तुमच्या शाळेला थेट लागू नाही, पण मुख्याध्यापकांशी बोलताना दाखवायला उपयोगी आहे. रजेवर जायच्या आधी उघड्या ठेवलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्या सहीनं करा आणि परत आल्यावर तेवढीच मोजा. चार हजार मोजायची गरज नाही.

प्रश्न : मी गणिताची शिक्षिका. आमच्या ग्रंथपाल मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून आठवड्याला तीन लायब्ररी तास माझ्याकडे आलेत. मला वाचनाची फारशी आवड नाही आणि मुलांना हे कळतं. मी ‘गप्प बसून वाचा’ म्हणते आणि पेपर तपासते. फार अपराधी वाटतं.

उत्तर : मॅडम, तुम्ही हे लिहिलंत तेच मला फार आवडलं. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची, म्हणजे हे तुमच्याकडे बराच काळ राहणार आहे. पेपर तपासणं समजू शकते, ते कोणाला चुकलंय, पण तासाची पहिली दहा मिनिटं पेपर बाजूला ठेवा आणि तुम्हीही मुलांसमोर काहीतरी वाचत बसा. कादंबरीच पाहिजे असं कोण म्हणतं. ड्युई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे द्यायच्या पद्धतीत, ५१० म्हणजे गणित, ५२० खगोलशास्त्र, तुमच्या शाळेतली पुस्तकं त्या आकड्यांनी लावलेली असतील तर तो कप्पा शोधा आणि त्यातलं एखादं कोड्यांचं पुस्तक घेऊन फळ्यावर एक कोडं घाला, उत्तर पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते मुलांनी शोधायचं. आमच्या शाळेत ५१०चा कप्पा वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला होता, मी भाषेची माणूस, मला तो कधी उघडताच आला नाही मुलांसाठी, तुम्हाला येईल. आणि एखाद्या मुलानं ‘बाई, यातलं कुठलं चांगलंय?’ विचारलं तर सरळ सांगा की मी नाही वाचलेलं, तू वाच आणि पुढच्या तासाला मला सांग. मग पुढच्या तासाला आठवणीनं विचारा, विसरू नका.

प्रश्न : ठाण्यात मुलगी सहावीत आहे. ग्रंथपाल रजेवर असल्यानं शाळेनं दोन महिने लायब्ररीला कुलूप घातलंय. पालक म्हणून काही बोलावं का?

उत्तर : जरूर बोला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. पण तक्रारीच्या सुरात जाऊ नका, शाळेत माणसं कमी असतात हे खरंच असतं. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एक ठरलेली मागणी ठेवा : प्रत्येक वर्गाला पन्नास पुस्तकांची पेटी, दर पंधरा दिवसांनी बदलायची, नोंद मुलांनी वहीत ठेवायची. पेट्या भरायला आणि वर्गात पोचवायला शनिवारी दोन-तीन पालक येतील असंही तिथेच सांगा, नावांसकट.