वाचकांचे प्रश्न : रेसमधून उतरलेला घोडा, कर्जतची पैदास आणि न येणारा घाम

मागच्या अंकात खेळाच्या घोड्यांविषयी ओझरता उल्लेख आला आणि त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांत लोकांचे पैसे अडकतात आणि घोड्याचे हालही तिथेच होतात.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून मुंबईतल्या एका रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकते. तिच्या प्रशिक्षकांनी शर्यतीतून उतरलेला, सहा वर्षांचा एक खच्ची घोडा सुचवला आहे. मालक चार लाख रुपये सांगतात. आठ दिवस वापरून पाहा म्हणतात, पण लेखी काही नको, ‘आपण घरचेच’ असे त्यांचे म्हणणे आहे. घोडा घ्यावा का? — एक पालक, बोरिवली

उत्तर : घोडा न पाहता हो किंवा नाही म्हणणे मला शक्य नाही, परंतु ज्या मालकाला कागद नकोसा वाटतो त्याच्याकडून कागद सर्वांत आधी करून घ्यावा, एवढे मात्र न पाहताही सांगता येते.

मुंबईत खेळासाठी मिळणारे बहुतेक घोडे आपल्याला सुचवलेल्या घोड्यासारखेच, म्हणजे शर्यतीतून उतरलेले थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदा केलेल्या जातीचे) असतात. महालक्ष्मीच्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यातला. दोन हंगामांत ज्यांचे पाय किंवा वेग कमी पडला ते घोडे वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी बाजारात येतात. हा घोडा वाईट नसतो. तो शिकलेला असतो, फक्त वेगळे शिकलेला असतो. जॉकीला त्याच्या पाठीवर बहुधा चालता चालताच चढवतात, त्यामुळे स्वार चढेपर्यंत जागेवर स्थिर उभे राहण्याची सवय त्याला नसते. लगाम घट्ट धरला की त्याच्या लेखी तो पळण्याचा इशारा असतो. चौदा वर्षांची मुलगी घाबरून लगाम ओढते तेव्हा ती त्याला ‘थांब’ म्हणत असते आणि घोडा ‘पळ’ असे ऐकतो. हे विसरायला लावून नवीन भाषा शिकवण्यास चांगल्या हाताखाली निदान वर्षभर लागते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की हा घोडा शेवटची शर्यत केव्हा धावला आणि त्यानंतर त्याच्यावर कोण बसत होते. उत्तर ‘दोन महिन्यांपूर्वी’ असे आले, तर मालक आपल्याला घोडा विकत आहे आणि त्याचे शिक्षण आपल्या मुलीच्या माथी मारत आहे, असे समजावे.

पाहायला जाताना वेळ सांगून जावे, पण सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे. घोड्याला आधीच लाँजवर, म्हणजे लांब दोरीने गोल गोल, फिरवून दमवलेले असले, तर त्याचे अंग ओलसर असते आणि खोगिराच्या जागी केस चिकटलेले दिसतात. वय सांगितले आहे ते दातांवरून ताडून पाहावे : समोरच्या कायमच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, तिच्या शेजारची साडेतीन आणि कोपऱ्यातली साडेचार, म्हणून पाच वर्षांच्या घोड्याचे तोंड ‘भरलेले’ असते. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपासून उतरणारी तपकिरी खाच दिसत असेल, तर तो घोडा दहाच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा आहे, सहाचा नव्हे. सईस लगाम घालत असताना घोडा कान मागे टाकतो का, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळतो का, हेही पाहावे. या गोष्टी पाठीच्या किंवा पोटाच्या दुखण्याचा पहिला सुगावा देतात, आणि विक्रेते त्याला ‘जरा खोडकर आहे’ असे गोड नाव देतात.

यानंतर आपण स्वतः निवडलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. मालकाच्या पशुवैद्याकडून केलेली तपासणी फुकट मिळाली तरी महागच पडते. चांगल्या तपासणीत हृदय, डोळे आणि खूर पाहून झाल्यावर घोड्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवतात व दुडकी चालवतात, एकेक सांधा मिनिटभर वाकवून धरून लगेच पळवतात, मग श्वास लागेपर्यंत काम देतात, विश्रांती देतात आणि पुन्हा एकदा दुडकी चालवून पाहतात. तापलेल्या पायाचा लंगडेपणा लपतो आणि थंड झाला की बाहेर येतो, म्हणून हा शेवटचा टप्पा चुकवू देऊ नये. त्याच वेळी रक्ताचा नमुना घेऊन ठेवावा. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक देऊन लंगडा घोडा चार दिवस ताठ चालवता येतो. नमुना जपून ठेवला आहे एवढे कळले, तरी पुष्कळ विक्रेत्यांची स्मरणशक्ती सुधारते.

आता कागदाविषयी. कायद्याच्या दृष्टीने घोडा हा ‘माल’ आहे आणि त्याच्या विक्रीला 1930 चा मालविक्री कायदा लागू होतो. ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे हा त्यातील सर्वसाधारण नियम आहे; परंतु कलम 16 प्रमाणे, त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला आपण वस्तू कशासाठी हवी ते सांगितले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामास योग्य असली पाहिजे, अशी अट गृहीत धरली जाते. म्हणून ‘चौदा वर्षांच्या शिकाऊ मुलीला ऐंशी सेंटिमीटरच्या उड्यांसाठी घोडा हवा आहे’ हे एक वाक्य लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही काही नसण्यापेक्षा बरा. आठ दिवसांच्या चाचणीचेही तसेच. पसंतीवर दिलेला माल मुदतीत नापसंत न कळवता ठेवून घेतला तर कलम 24 नुसार तो आपलाच होतो, त्यामुळे मुदत कोणत्या तारखेला संपते ते लिहिलेले हवे. आणि त्या आठ दिवसांत घोड्याला पोटशूळ होऊन तो गेला तर? इंग्लंडमध्ये 1880 साली नेमके हेच न्यायालयापुढे आले होते : आठ दिवसांच्या चाचणीवर दिलेला घोडा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्या दिवशी मेला, आणि नुकसान विक्रेत्याने सोसावे असा निर्णय झाला. आपल्याकडेही मालकी जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याचीच हे तत्त्व आहे, मात्र करारात वेगळे ठरवता येते. म्हणून ‘घरचेच’ आहोत तोवरच ते लिहून घ्यावे.

एक नाजूक गोष्ट राहिली. घोडा सुचवणाऱ्या प्रशिक्षकांना विक्रेत्याकडून काही मिळणार आहे का, हे त्यांना सरळ आणि आदराने विचारावे. दलाली घेणे हा गुन्हा नाही. ती दोन्हीकडून गुपचूप घेणे वाईट. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी घेतलेल्या पहिल्या घोड्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याचा संकोच आमच्या घरी झाला होता, आणि त्या संकोचाची किंमत घोड्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती, असे पुढे कळले.

प्रश्न : कर्जतजवळ आमची सहा एकर जमीन आहे. निवृत्त झालेली एक थरोब्रेड घोडी स्वस्तात मिळत आहे. युरोपातल्या जातिवंत वॉर्मब्लड (खेळासाठी पैदा केलेल्या) घोड्याचे गोठवलेले वीर्य आणून तिच्यापासून उडीच्या खेळाचे घोडे पैदा करावेत आणि विकावेत असा विचार आहे. व्यवसाय म्हणून हे जमेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थरोब्रेड घोडी आणि हॅनोवरियन किंवा होल्स्टायनर या वॉर्मब्लड जातींचा घोडा हा मेळ जगभर केला जातो आणि तो शहाणपणाचा आहे. शर्यतीच्या थरोब्रेडची नोंदणी हवी असेल तर कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष संयोगच लागतो. खेळाच्या घोड्यांना ते बंधन नाही. आयातीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते, तिचा माग आधी काढावा. अडचण पुढे आहे, आणि ती वेळेची आहे.

हिशेब मांडून पाहा. समजा, 2027 च्या मार्चमध्ये घोडी गाभण राहिली. गर्भकाळ सुमारे 340 दिवसांचा, म्हणजे शिंगरू 2028 च्या फेब्रुवारीत जन्मेल. सहा महिन्यांनी ते आईपासून तोडायचे. पाठीवर खोगीर चौथ्या वर्षी, म्हणजे 2031 च्या पावसाळ्यानंतर. त्याआधी गुडघ्यावरच्या हाडाची वाढ पुरी होऊ द्यायची असते आणि पाठीच्या मणक्यांना तर त्याहून जास्त वर्षे लागतात. एक मीटरच्या स्पर्धेत तो शांतपणे फेरी पूर्ण करू लागेपर्यंत 2034 उजाडेल. ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या घोड्याचे वय निदान नऊ असावे लागते, त्यावरून हा खेळ किती वाट पाहायला लावतो ते समजावे. एवढी वर्षे चंदी, गवत, सईसाचा पगार आणि दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद हा खर्च चालूच राहतो, विक्री मात्र शेवटी एकदाच. पुष्कळ जण तिसऱ्या वर्षी धीर सोडतात आणि अर्धवट शिकवलेला घोडा लग्नाच्या वरातीत नाहीतर चौपाटीवर जातो.

तरीही उतरायचे असेल तर घोडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. शिंगराला निम्मे रक्त आणि जवळजवळ सगळे वळण तिच्याकडून मिळते; ती तापट असेल, तर शिंगरू पहिल्या दिवसापासून माणसाला पाहून बुजायला शिकते. शर्यतीतून पायाच्या कमकुवतपणामुळे लवकर उतरलेली घोडी पैदाशीला ठेवणे म्हणजे तोच पाय पुढच्या पिढीला वारसा म्हणून देणे.

गोठवलेल्या वीर्याचे काम ताज्यापेक्षा किचकट असते. घोडीचे ऋतुचक्र 21 दिवसांचे असते, त्यातील माजाचे दिवस पाच ते सात, आणि अंडे सुटल्यापासून साधारण सहा तासांच्या आत रेतन व्हावे लागते. म्हणजे शेवटच्या रात्री पशुवैद्य दर सहा तासांनी सोनोग्राफी करायला हवा. कर्जतला रात्री दोन वाजता कोण येणार, हे वीर्य मागवण्याआधी ठरवावे. अंडे सुटल्यापासून चौदाव्या ते सोळाव्या दिवसांदरम्यान सोनोग्राफी करणे टाळू नये, कारण घोडीला जुळे पेलत नाही. त्या मुदतीत दोनांपैकी एक गर्भ पशुवैद्य हाताने दाबून नाहीसा करू शकतो, पुढे बहुधा दोन्ही जातात. विताना तीन आकडे लक्षात ठेवावेत : तासाभरात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत त्याने दूध ओढावे आणि तीन तासांत वार पडावी. यांपैकी काही लांबले तर सकाळची वाट पाहू नये.

कोकणाबाबत एक इशारा. आपल्याकडे घोड्याला गव्हाचा कोंडा भरपूर घालण्याची पद्धत आहे. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. हत्तीघासासारख्या उष्ण हवेतल्या हिरव्या गवतांतील ऑक्झॅलेट उरलेसुरले कॅल्शियमही अडवते. मग शरीर ते हाडांतून काढते, वाढत्या शिंगराचा चेहरा डोळ्यांखाली दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखा दिसू लागतो आणि चाल अवघडते. मी हे एका चांगल्या, हौशी पागेत पाहिले आहे. मालक ‘गुटगुटीत झालाय’ म्हणून कौतुकाने दाखवत होते. लसूणघास घालावा, कोंडा आवरावा आणि चाऱ्याची एकदा तपासणी करून घ्यावी.

माझे मत विचाराल, तर त्या सहा एकरांत पैदास करण्याऐवजी रेसमधून उतरलेल्या चार-पाच घोड्यांना वर्षभर विश्रांती व नवे शिक्षण देऊन विकण्याचे काम करावे. मुंबईला त्याची गरज आहे आणि पहिल्या प्रश्नातल्या पालकांसारखे ग्राहक वाट पाहत आहेत.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडा पाहिला. तो उड्यांच्या खेळात चालेल का? विक्रेत्याने त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे शुभ आहेत असे सांगितले. — एक वाचक, कल्याण

उत्तर : मारवाडी घोडा काटक आणि देखणा असतो, आणि लहान उड्या तो आनंदाने घेतो. लांब पल्ल्याच्या स्वारीत तो अधिक शोभतो. दत्तजयंतीच्या यात्रेत त्याची रेवाळ, म्हणजे न हिंदकळता भरभर जाणारी, चाल पाहून लोक भुलतात. ती स्वाराला सुखाची असते, पण उडीसाठी लागतो तो लयीतला कँटर (मध्यम वेगाची दौड), आणि तो दाखवायला सांगितल्यावर विक्रेते विषय बदलतात. भोवऱ्यांनी किंमत कमीजास्त होते हे खरे आहे, लंगडेपणा मात्र होत नाही. घेण्यापूर्वी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी झालेली असल्याचा दाखला मागावा. हा रोग माणसालाही होतो आणि यात्रेत अनेक ठिकाणचे घोडे एकत्र येतात.

प्रश्न : मे महिन्यापासून आमच्या घोड्याला काम दिल्यावर घाम येत नाही, नुसती धाप लागते. सईस म्हणतो, ‘हवेची सवय झाली, चांगले आहे.’ शिवाय, हा घोडा तयार झाल्यावर परदेशात विकता येईल का? — एक वाचक, चेंबूर

उत्तर : चांगले नाही. दमट हवेत काही घोड्यांच्या घामाच्या ग्रंथी हळूहळू काम करेनाशा होतात. कामानंतर आयाळीखाली आणि खोगिराखाली तेवढा ओलावा, बाकी अंग कोरडे, आणि पुढे चेहऱ्यावरचे केस विरळ होणे, ही त्याची खूण आहे. थर्मामीटर जवळ ठेवावा : निरोगी घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश असते, आणि काम थांबवून अर्धा तास झाल्यावरही ते 39.5 च्या वर असेल, तर त्या दिवसापासून काम बंद करून पशुवैद्याला बोलवावे. अंगावर गार पाणी सतत ओतत राहावे. ‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी घालू नये’ हा जुना समज सोडून द्यावा. पहाटे पाचला काम, तबेल्यात पंखा आणि रोज 30 ग्रॅमच्या आसपास साधे मीठ एवढे सांभाळावे. हमखास औषध नाही. खात्रीचा उपाय म्हणजे कोरडी, थंड हवा, आणि घाटावर नेल्यावर काही आठवड्यांत घाम परत आलेले घोडे मी पाहिले आहेत.

परदेशाचे म्हणाल, तर आजवर आपल्या स्वारांनीच घोडे युरोपात ठेवून सराव केला आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हाही सराव युरोपातलाच होता, कारण भारतातून घोडा बाहेर नेण्यात रोगमुक्तीच्या अटी आडव्या येत. जुलै 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातील घोड्यांच्या रोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे तो रस्ता किलकिला झाला आहे. पण त्या कक्षात राहिलेल्या घोड्यांपुरताच. चेंबूरच्या घोड्याला आधी घाम येऊ द्या.