वडिलांसारखे शांत आणि आदरणीय ख्रिस्ती जीवन आज जगता येईल का?

आपण विचारले आहे की, आपले वडील श्रद्धेचा गाजावाजा न करता जगले आणि सारे गाव त्यांना मानत असे. तसे जगणे आज शहरात, नोकरी सांभाळून शक्य आहे का आणि सुरुवात कोठून करावी. माझे वडीलही त्याच वळणाचे होते, म्हणून लिहीत आहे.

ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. नगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम १८३१ साली सुरू झाले. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगांच्या वळणाची गीते आमची मंडळी (चर्चमधले लोक) पेटी-तबल्यावर गाते, त्यामुळे आमची उपासना शेजाऱ्यांच्या कानाला कधी परकी वाटली नाही. मात्र आमचे घर गावकुसाबाहेरच्या वस्तीत होते आणि मान काही आयता मिळत नव्हता.

गावच्या मारुती मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा वर्गणीचा हिशेब गावकऱ्यांनी माझ्या वडिलांकडे सोपवला. एका रात्री वहीपेक्षा पेटीत ३६ रुपये कमी भरले. आई म्हणाली, "आपल्यातले घाला आणि झोपा." त्यांनी तसे केले नाही, कारण त्याने पेटी जुळली असती, पण वही खोटी राहिली असती. कंदिलाजवळ एकेक पावती ताडून पाहताना पहाटे चूक सापडली: १५ रुपयांची वर्गणी त्यांच्याच हातून ५१ अशी लिहिली गेली होती. पुढच्या बैठकीत, मंदिराच्या ओट्यावर, त्यांनी ती चूक स्वतः वाचून दाखवली. "तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे" हे प्रभूचे वचन मी पुढे अनेकदा ऐकले. पण ते मला कळले त्या पहाटे.

त्यांच्या शांतपणाचा अर्थ श्रद्धा लपवणे असा मात्र नव्हता, आणि मला वाटते, इथेच आपली पिढी चुकते. भर बाजारात मंडळीतले कोणी भेटले की ते मोठ्याने "सलाम" हे आपले ख्रिस्ती अभिवादन करीत. शाळेत डबा उघडण्यापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करीत. पगार हाती आला की दशांश, म्हणजे देवाच्या कामासाठीचा दहावा भाग, आधी बाजूला काढीत. कोणी धर्मावरून वाद काढला तर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवीत. नाताळात करंज्यांची ताटे मात्र वाद घालणाऱ्याच्या घरीही जात.

म्हणून शक्य आहे का, याला माझे उत्तर होय असे आहे. गावातल्या वहीच्या जागी शहरात प्रवासभत्त्याचे बिल येते, एवढाच फरक. मला पहिल्याच नोकरीत न केलेल्या प्रवासाच्या बिलावर सही करायला सांगण्यात आले होते. मी नकार दिला आणि दोन वर्षे बढती थांबली. ते दिवस सोपे नव्हते, हे आपल्यापासून लपवत नाही.

सुरुवातीचे विचाराल, तर वडिलांच्या बरोबरीचे गावात जे कोणी हयात असतील, त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा आणि वडील पैशांच्या, शब्दाच्या आणि भांडणाच्या वेळी कसे वागत, ते विचारा. आपल्याला घरी न कळलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्याकडे असतील.