कोकणातील घरच्या राईत हिवाळ्यात पक्ष्यांसाठी काय करावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित दोन एकर राई, म्हणजे घरचे झाडांचे रान, दिवाळीनंतर मजूर लावून साफ करून घ्यावी का, आणि हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांसाठी दाण्यापाण्याची कोणती सोय करावी, असे आपण विचारले आहे. राई साफ करून घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला आमच्या घरातला एक जुना वाद कारणीभूत आहे.

संगमेश्वर तालुक्यात आमचीही एक सामायिक राई आहे. तिच्यात शेंडा वाळलेला आणि खोडाला ढोली पडलेला एक जुना बेहडा होता. माझ्या लहानपणापासून दरवर्षी थंडी ओसरू लागली की राखी धनेशांची एक जोडी त्या ढोलीवर येत असे. मादी आत शिरून स्वतःच्याच विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपून घेई, आणि उरलेल्या चिंचोळ्या फटीतून नर तिला उंबरे भरवीत असे. एका डिसेंबरात माझ्या थोरल्या काकांनी राईची बेणणी, म्हणजे खालच्या झुडपांची साफसफाई, करून घेतली, सगळा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पाने, गोळा करून आंब्याच्या कलमांच्या आळ्यांत टाकला आणि ‘वाळके झाड म्हणजे उभे सरपण’ असे म्हणून तो बेहडाही तोडून घेतला. फेब्रुवारीत मी गावी गेलो तेव्हा ती जोडी रोज सकाळी येऊन शेजारच्या ऐनाच्या झाडावर बसत होती. मी आठ दिवस ते पाहिले. नवव्या दिवशी ती आली नाही.

काकांचे म्हणणे असे होते की पाखरांना झाडांची काय कमी, ती दुसरे झाड शोधतील. परंतु धनेश सुतार पक्ष्याप्रमाणे स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून त्या जागी लाकूड कुजत जाते आणि कित्येक वर्षांनी त्याला शिरता येईल एवढी पोकळी तयार होते, तीवरच त्याची सगळी भिस्त असते. त्या बेहड्याच्या जागी काकांनी पाच रोपे लावली, हे मी मान्य करतो. पण त्यांपैकी एकातही आमच्या हयातीत ढोली होणार नाही.

पातेऱ्याचेही तसेच आहे. तोपर्यंत आमच्या राईत हिवाळाभर नारिंगी डोक्याचा कस्तुर वाळकी पाने उलटून किडे टिपताना दिसत असे, आणि शेपटी वरखाली न हलवता दोन्ही बाजूंना डोलवत चालणारा रानधोबीही येत असे. जमीन झाडून काढली त्या वर्षी मला त्यांतला एकही दिसला नाही. पातेरा काढला की वणव्याचे भय जाते, असे काका आजही सांगतात, आणि या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी कधीच सहमत होणार नाही. खालची झुडपे काढल्यामुळे जमिनीवर ऊन पोहोचले, पुढच्या पावसाळ्यात तिथे कमरेएवढे गवत वाढले आणि शेजारच्या माळावरची आग त्याच वाळल्या गवतावरून आमच्या राईत शिरली. गर्द सावलीच्या राईत असे गवत माजत नाही. आग अडवणारी मोकळी पट्टी, म्हणजे जाळरेषा, अवश्य काढावी, पण ती हद्दीवर, गवत पुरते वाळण्यापूर्वी, आणि तेवढीच.

दाणे ठेवू नयेत. हिवाळ्यात राईत उतरणारे वटवट्या आणि माशीमार हे कीटक खाणारे पक्षी आहेत. दाण्यांवर कबुतरे आणि कावळेच जमतील. बर्फाच्या देशांतील पक्ष्यांना थंडीत खाऊ घालण्याचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण आपला हिवाळा उपासमारीचा नसतो; आपल्याकडे ओहोळ आटू लागले की ओढ लागते ती पाण्याची. म्हणून सावलीत एक उथळ पाणवठा करावा आणि त्यातले पाणी वरचेवर बदलावे. काटेसावर, पांगारा, पळस ही लाकडाच्या दृष्टीने बिनकामाची समजली जाणारी झाडे राखावीत. पानझडीत त्यांच्या फुलांतल्या मधावर कितीतरी पाखरे येतात. उंबर तर एकही तोडू नये, कारण सगळे उंबर एकाच वेळी पिकत नाहीत आणि कुठे ना कुठे फळ मिळत राहते.

आता काही अपवाद सांगणे भाग आहे. घराभोवतालचा आणि पायवाटेवरचा पातेरा काढावाच, कारण आपल्या भागात फुरसे या विषारी सापाचे भय खरे आहे. वाटेवर किंवा विजेच्या तारांवर झुकलेले वाळके झाडही ठेवू नये. रानमोडी हे माजणारे तण मात्र बी धरण्यापूर्वी मुळासकट उपटावी. घाणेरी एकदम न काढता दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढावी, कारण तिची फळे बुलबुल खातात आणि तिच्या जाळीत लहान पाखरे आसरा घेतात.

तरीही मजूर बोलवायचेच असतील, तर त्याआधी एक दिवस स्वतः राईत फिरावे आणि ढोली असलेल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर चुन्याची ठळक खूण करावी, आणि तोडणीच्या दिवशी तिथे उभे राहावे. आमच्या बेहड्यावर अशी खूण नव्हती, आणि त्या दिवशी मी पुण्यात होतो.