अपडेटनंतर रिमोट डेस्कटॉप पासवर्ड घेत नाही, पण मोबाईलवरून लॉगिन होतं. काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं. रत्नागिरीच्या ऑफिसातून व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी सुरक्षित जोडणी) लावून तुम्ही लांज्याच्या काजू कारखान्यातला पीसी उघडता आणि टॅली बघता. विंडोज अपडेट झाल्यापासून तो पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो आणि शेअर केलेला फोल्डरही उघडत नाही. मोबाईलवरून मात्र त्याच पासवर्डने आत जाता येतं. दोन्ही पीसी एकाच दुकानातून एकदम घेतलेले, दोन्हीवर विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती.

आधी पासवर्ड टाकून बघणं थांबवा. नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटांसाठी लॉक होतं. त्या वेळात बरोबर पासवर्डही चालत नाही आणि मूळ बिघाड कुठला हे कळेनासं होतं.

पासवर्ड विचारला जातोय म्हणजे व्हीपीएन, फायरवॉल आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट ठीक आहेत. तिकडे वेळ घालवू नका. मोबाईलवरून लॉगिन होतंय म्हणजे खातं, पासवर्ड आणि रिमोट डेस्कटॉपची परवानगीही ठीक. उरतं ते या दोन पीसींचं आपसातलं नातं, आणि फोल्डरही अडलाय म्हणून माझा संशय एकाच गोष्टीवर आहे: दुकानदाराने एका पीसीवर विंडोज बसवून त्याचीच इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्यावर मारली असावी.

प्रत्येक विंडोजला बसवताना स्वतःचा एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. नुसती इमेज मारली की दोन्ही पीसींचा एसआयडी तोच राहतो. वर्षानुवर्षं हे खपून गेलं. २९ ऑगस्ट २०२५ चं केबी५०६४०८१ आणि त्यानंतर सप्टेंबरचं केबी५०६५४२६ या अपडेटपासून विंडोज ११ ची २४एच२ व २५एच२ आणि सर्व्हर २०२५ लॉगिनच्या वेळी ही ओळख तपासतात. एकाच एसआयडीचे दोन पीसी समोरासमोर आले की केर्बेरॉस आणि एनटीएलएम (विंडोजच्या ओळख पटवण्याच्या पद्धती) या दोन्ही प्रकारचं लॉगिन नाकारलं जातं. हा बग नाही, मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून केलेला बदल आहे, त्यामुळे पुढच्या अपडेटमध्ये सुटेल म्हणून थांबू नका.

खात्री करून घ्या. दोन्ही पीसींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हूॲमआय’, मग एक स्पेस आणि ‘/यूजर’ अशी कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). उत्तरात एस-१-५-२१ च्या पुढे तीन लांबलचक आकडे दिसतील आणि शेवटी १००१ सारखा छोटा आकडा. छोटा आकडा सोडून द्या, तो त्या पीसीवरच्या खात्याचा असतो. तीन लांब आकडे दोन्हीकडे तंतोतंत सारखे असतील तर निदान पक्कं. डोमेनच्या (ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरवरच्या) खात्याने बघितलंत तर मात्र डोमेनचा क्रमांक दिसेल, म्हणून त्याच पीसीवरच्या खात्याने बघा. शिवाय दोन्हीकडे इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये एलएसएएसआरव्हीची (विंडोजच्या लॉगिन तपासणाऱ्या भागाची) ६१६७ नंबरची नोंद शोधा. मशीनची ओळख अर्धवट जुळते, लॉगिनच्या तिकिटात फेरफार झालाय किंवा ते वेगळ्या बूटचं आहे, अशा अर्थाचा मजकूर तिथे असतो.

आकडे वेगळे निघाले तर लांज्याच्या पीसीवर सिक्युरिटी लॉगमधली ४६२५ ही नोंद (नाकारलेल्या लॉगिनची) उघडा आणि स्टेटस व सब स्टेटस दोन्ही बघा. कोड ६ए ने संपत असेल तर पासवर्ड चुकीचा जातोय, २३४ असेल तर खातं लॉक, १५बी असेल तर रिमोट लॉगिनचा हक्क नाही, १३३ असेल तर दोन घड्याळांत फरक. पावसाळ्यात लाईट सारखी जाते अशा ठिकाणी जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला की घड्याळ मागे पडतं. तेही बघून ठेवा.

एसआयडी सारखा निघाला तर कायमचा उपाय एकच: दोनपैकी एका पीसीवर विंडोज नव्याने बसवायचं. मी रत्नागिरीचा निवडेन, कारण तो तुमच्या हाताखाली आहे आणि काही अडलं तरी कारखान्यातली बिलं थांबत नाहीत. त्याआधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. त्या पीसीवर टॅलीचं लायसन्स असेल तर आधी सरेंडर करा. विंडोज पेन ड्राइव्हवरून कोरं बसवा, जुनी इमेज पुन्हा मारू नका. चालू पीसीवर सिसप्रेप (इमेज घेण्यासाठी विंडोज तयार करणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चालवून एसआयडी बदलायचा सल्ला कुणी देईल. त्याने खाती, ॲप्स आणि ॲक्टिव्हेशन विस्कटतं, मध्येच अडकूनही पडतं. वापरात असलेल्या पीसीवर मी तो देणार नाही.

तोवर काम मोबाईलवरून किंवा स्वतंत्रपणे विंडोज बसवलेल्या लॅपटॉपवरून चालवा. अपडेट काढूनही तात्पुरतं चालेल, पण थांबवता येतं ते जास्तीत जास्त ५ आठवडे. पुढच्या महिन्याच्या अपडेटबरोबर तीच तपासणी परत येते आणि मधल्या काळात सुरक्षेचे पॅचही जातात.

नेटवर सापडणारे दोन उपाय करू नका. एक म्हणजे रजिस्ट्रीत एन्क्रिप्शन ओरॅकलची किंमत २ करणं. ते मे २०१८ च्या क्रेडएसएसपी (रिमोट डेस्कटॉपला पासवर्ड पोचवणारी पद्धत) बदलासाठी होतं. तेव्हाच्या एररमध्ये क्रेडएसएसपीचं नाव स्पष्ट यायचं, तुमच्या एररमध्ये ते नाही. दुसरं, व्हीपीएन काढून राउटरवर ३३८९ थेट इंटरनेटला उघडणं. अशा उघड्या पोर्टवर पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम सतत येत असतात, आणि त्या पीसीवर तुमचे सगळे हिशेब आहेत.

त्याच दुकानातून आणखी पीसी घेतले असतील तर त्यांचेही आकडे आताच ताडून बघा. सारखे असतील तर एक सोडून बाकी सगळ्यांवर विंडोज नव्याने बसवावं लागेल. पुढच्या खरेदीत दुकानदाराला आधीच सांगा की इमेज मारायची असेल तर ती घेण्यापूर्वी सिसप्रेप ‘जनरलाइझ’ पर्याय लावून चालवा.